खोकला नसलेल्या दिवसाचं औषध

पहाटे ३.४०

गजर लावलेला नसतो, तरी जाग येते. अंगालाच या वेळेची सवय लागून गेली आहे. उठून बसत नाही, दिवा लावत नाही, नुसता कान देते. शेजारी लेकरू झोपलेलं. श्वास आत, श्वास बाहेर. बाहेर जाणारा श्वास लांबतोय का, त्याच्या शेवटी बारीक शीळ लागतेय का, मध्येच घशात कोरडा ठसका बसतोय का, एवढंच ऐकायचं असतं.

आज काही नाही. लांबून ट्रॅक्टरचा आवाज येतोय. दिवाळी झाली, धारूरच्या घाटातून ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या.

पहाटेच्या या सुमाराला माणसाच्या श्वासनळ्या दिवसातल्या सगळ्यांत अरुंद असतात. सूज आवरून धरणारं कॉर्टिसॉल शरीर स्वतःच बनवतं, तेही मध्यरात्रीच्या आसपास तळाला गेलेलं असतं. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. ज्याच्या नळ्या आधीच आतून सुजलेल्या आहेत, त्याला मात्र नेमकं याच वेळी कोणीतरी गळा धरल्यासारखं होतं. माझा मुलगा आज आठ वर्षांचा आहे. तो चार वर्षांचा होईपर्यंत आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दिवसभर पोरगं हुंदडायचं. रात्री दोननंतर खोकला सुरू व्हायचा आणि उलटी होऊन चिकट कफ पडेपर्यंत थांबायचा नाही. सकाळी दवाखान्यात न्यावं तर छाती साफ. डॉक्टर नळी लावून ऐकायचे, "काही नाही, हवा बदललीय" म्हणायचे आणि एक बाटली लिहून द्यायचे. अशा बाटल्या किती संपल्या त्याची मोजदाद नाही. शेजारच्या एका म्हातारीनं छातीला बिब्बा घालायला सांगितलं होतं. तेवढं मी केलं नाही.

शेवटी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेलेला, म्हणून आधी क्षयाची तपासणी झाली. तो निघाला नाही. मग बालरोग विभागातल्या एका बाईंनी मला प्रश्न विचारला, जो तोपर्यंत कोणी विचारलाच नव्हता: "खोकला किती वाजता येतो?" त्या एका प्रश्नावर सगळं उलगडलं. बालदमा. प्रत्येक लेकराची छाती वाजतेच असं नाही. काहींचा दमा नुसता खोकतो.

मी कूस बदलते. अजून दीड तास झोप मिळेल.

५.३०

परसात आत्याबाई, माझ्या सासूबाई, चुलीपुढं बसल्यात. घरात गॅस आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली तेव्हापासून आमच्या गल्लीत बहुतेकांकडे सिलिंडर आलं, स्वयंपाक त्यावर होतो. पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. कापूस निघाला की शेतातल्या पऱ्हाट्या फुकटच्या, मग पाण्यासाठी गॅस कोण जाळणार? बीड जिल्ह्यातल्या गावागावात कार्तिक-मार्गशीर्षात पहाटे जो निळसर धूर घरांवर बसलेला दिसतो, तो स्वयंपाकाचा कमी आणि अंघोळीचा जास्त.

यावरून आमच्या घरात दोन वर्षं धुसफूस होती. मी चूल बंद करा म्हणायचे, त्या ऐकायच्या नाहीत. थंडीत चुलीपुढं बसणं हे त्यांचं सुख आहे, ते हिरावून घ्यायचा मला काय अधिकार, हे मला उशिरा कळलं. मग आम्ही चूलच हलवली. पूर्वी ती स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती, आता परसाच्या पार टोकाला बाभळीखाली आहे. त्या बाजूची खिडकी पहाटे बंद असते. पऱ्हाट्या ओल्या असल्या की त्या जाळायच्या नाहीत, आधी उन्हात कडकडीत वाळवायच्या, हे आत्याबाईंनीच ठरवलं. ओलं सरपण किती धूर करतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

दम्यावर रोज घ्यायच्या पंपाचं म्हणणंही त्यांना माझ्यामुळे पटलं नाही. मी त्यांना सूज, स्नायू, स्टिरॉइड असं पुस्तकातलं सांगत बसले होते. निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, त्याचा गुण चार-सहा तास. दुसरा पंप सूज उतरवतो, पण रोज घेतला तर, आणि तोही काही दिवसांनी, काही आठवड्यांनी. आत्याबाईंचं म्हणणं एकच: "खोकला नाही तर औषध कामून?" पुढं एक दिवस त्या स्वतःच कोणाला तरी सांगत होत्या, "अगं, माळवदावर पांढरी माती मिरगाच्या आधी टाकावी लागती. गळाया लागल्यावर टाकून काय उपेग?" चार वर्षांत मी ऐकलेल्यांत हेच सगळ्यांत नेमकं वाक्य आहे.

६.४५

दात घासायच्या आधी पंप. क्रम असाच, कारण नंतर चूळ भरायची असते. औषध जिभेवर, टाळ्यावर राहिलं तर पांढरे चट्टे येतात. दात घासताना तोंड आपोआप धुऊन निघतं, वेगळं भांडण करावं लागत नाही.

पंप जोरात हलवायचा. स्पेसरच्या, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधल्या पोकळ नळीच्या, मागच्या भोकात बसवायचा. स्पेसरचं तोंड दातांत धरून ओठ मिटायचे. एकदा दाबायचं आणि पाच-सहा श्वास शांतपणे घ्यायचे. मग पुन्हा हलवून दुसरा. दोन एकदम दाबायचे नाहीत. हे सगळं दोन मिनिटांचं काम आहे, आणि जवळजवळ प्रत्येक घरात ते चुकतं. पहिलं वर्षभर आम्हीही चुकत होतो: स्पेसर न लावता पंप थेट तोंडात मारायचो. तसं केलं की बरंचसं औषध घशाला थडकून तिथंच राहतं, छातीत उतरत नाही. मग "पंपानं गुण येत नाही" म्हणून माणसं पंपच सोडून देतात.

लेकराला हे औषध पत्र्याच्या डबीत कोणी भरलं, याची गोष्ट फार आवडते. १९५५ साली अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाला, जॉर्ज मेसन यांना, त्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं विचारलं, की माझं औषध केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं डबीत का भरत नाहीत? तोपर्यंत काचेच्या नाजूक नळीत औषध घालून रबरी फुगा दाबत बसावं लागायचं. १९५६ मध्ये पहिला मोजून फवारा सोडणारा पंप बाजारात आला. लहान मुलीनं विचारलं म्हणून मोठ्यांनी केलं, हे ऐकताना आमच्या पोराची मान थोडी ताठ होते.

पंपाच्या मागच्या खिडकीत आकडा दिसतो. आज ८४. दोनशे फवाऱ्यांची डबी, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे पन्नास दिवस. ८४ म्हणजे आजच्या सकाळपासून एकवीस दिवस. ज्यांच्या पंपांना आकडा नसतो ते लोक डबी पाण्यात टाकून बघतात, तरंगला की संपला. ती परीक्षा खोटी आहे. औषध संपलं तरी डबीत नुसता वायू उरतो, आणि फुस्स आवाज येतच राहतो.

८.३०

डबा, स्वेटर, दप्तर. परडीत शेवटची चार सीताफळं आहेत. बालाघाटच्या या डोंगरात सीताफळ खडकावर पिकतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि धारूरच्या माणसाला त्याचा अभिमान आहे. पण याच धारूरमध्ये खोकणाऱ्या लेकराला सीताफळ देत नाहीत. थंड असतं म्हणे. सीताफळ, केळं, पेरू, दही, सगळं बंद केलेली पोरं मी शाळेत बघते: खोकला तसाच आणि वर हाडं निघालेली. आमच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, अमुक एक गोष्ट खाल्ली की दर वेळी त्रास होतो असं स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तर ती तेवढी बंद करा, ऐकीव गोष्टींवर लेकराचं ताट रिकामं करू नका. त्यानं दोन सीताफळं खाल्ली. बिया मोजून ठेवल्या.

निळा पंप आणि छोटा स्पेसर दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. सोबत एक कागद, प्लॅस्टिकच्या पाकिटात: कोणता पंप, किती फवारे, किती मिनिटांनी पुन्हा, कोणाला फोन करायचा.

११.००

माझी जिल्हा परिषदेची शाळा घाटाखालच्या वस्तीवर आहे. आज पटावरची निम्मी मुलं नाहीत. दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर या वस्त्या रिकाम्या होतात. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत परत फिरायचं नाही. जी मुलं मागं राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालतं. जी जातात त्यांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेनं त्यांना बसवून घ्यावं.

आज असंच एक कार्ड लिहायचं होतं. तिसरीतला मुलगा, त्याची आई दारात उभी. चार वाजता गाडी निघणार. या मुलाचा खोकला मी मागच्या वर्षी ओळखला होता. ओळखायला डॉक्टर लागत नाही, घरी तेच ऐकलेलं असलं की पुरे. माझ्या सांगण्यावरून ती त्याला अंबाजोगाईला घेऊन गेली, तिला पंप मिळाला, आणि आषाढापासून पोरगं रात्रभर झोपायला लागलं.

मी म्हटलं, "याला इथं ठेवा. वसतिगृहात मी लक्ष देईन. तिकडं कोपीत चूल तोंडाशी, पाचट पेटवतात त्याचा धूर, पहाटेची थंडी."

ती म्हणाली, "मॅडम, दिवसाचं तुमी बघताल. राती कोण उठंल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वस्तीवर त्याची आजी आहे, तिला दिसत नाही. वसतिगृहातली मुलं रात्री आपापल्या नातेवाइकांकडे झोपतात. पहाटे पावणेचारला कान देऊन पडणारं माणूस सरकारी योजनेत कुठून लिहिणार? मी पुन्हा आग्रह केला नाही.

मग आम्ही हिशेब मांडला. फळ्यावरच मांडला, चौथीच्या पोरांनीच गुणाकार केला. दिवसाला चार फवारे. पाडव्याच्या आसपास गाडी परत येते, म्हणजे चार महिन्यांच्या वर; आपण दीडशे दिवस धरू. दीडशे चोक सहाशे. दोनशेची एक डबी, म्हणजे तीन डब्या. तिच्याकडे रुग्णालयातून मिळालेल्या दोन होत्या, त्या फेब्रुवारीच्या शेवटी संपतील. तिसरीसाठी मी तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. सालब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड ही दोन्ही औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, ती मागायला लाजायचं नाही. कागदावर मी कंपनीचं नाव लिहिलं नाही, औषधाचं लिहिलं. कंपनीची नावं गावागणिक बदलतात.

तिच्या पंपाला आकड्याची खिडकी नव्हती आणि तिला लिहिता येत नाही. म्हणून कॅलेंडर दिलं. सकाळी दिला की तारखेवर एक रेघ, संध्याकाळी दिला की दुसरी. पन्नासाव्या तारखेला मी लाल गोल केला, शंभराव्याला दुसरा. तिनं गोल बोटानं चाचपून बघितले.

स्पेसरला तडा गेला होता. तो बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण नवा आणायला धारूरला जाऊन यायचं म्हटलं तर गाडी चुकणार. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेतली. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली हे तपासून 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेलं आहे: अशा बाटलीच्या बुडाला पंप नेमका बसेल एवढं भोक पाडून कड चिकटवून बंद केली, तर दम्याच्या अटॅकमध्ये ती विकतच्या स्पेसरच्या तोडीचं काम देते. डॉक्टरबाईंनी मला हे आधीच सांगून ठेवलं होतं, अडीनडीला चालतं म्हणून. खिचडीच्या शेगडीवर तार तापवून आम्ही बाहेर ओट्यावर भोक पाडलं, पंप बसवून बघितला, फट राहिली तिथं डिंक लावला. मग साबणाच्या पाण्यात बुचकळून उन्हात उभी केली. पुसायची नाही. कपड्यानं पुसलं की प्लॅस्टिकला वीज चढते आणि औषध बाटलीच्या भिंतीला चिकटतं, वाऱ्यावरच सुकू द्यायची.

मुलानं बाटलीचं तोंड ओठांत धरलं आणि आईला म्हणाला, "म्या करतो." वर्गातली सगळी पोरं भोवती गोळा झाली होती. कोणी हसलं नाही.

२.१५

फोन. मुलाच्या शाळेचा नंबर दिसला की छातीत धस्स होतं, ते अजून गेलेलं नाही.

"मॅडम, घाबरू नका," त्याच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या. कबड्डीनंतर खोकला सुटला, पोट उडत नव्हतं, बोलता येत होतं. निळ्या पंपाचे दोन फवारे त्यांनी समोर उभं राहून दिले, पंधरा मिनिटांत थांबला. आता चित्रं काढतोय.

मागच्या वर्षी याच वेळी असा फोन आला नव्हता, आणि यायला हवा होता. तेव्हा तो दुसऱ्या शाळेत होता. औषध म्हणून पंप कुलूपबंद कपाटात ठेवलेला, किल्ली ज्याच्याकडे तो शिपाई बँकेत गेलेला. पोरगं चाळीस मिनिटं भिंतीला टेकून बसलं होतं, गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जात होता. त्या शाळेतल्या कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण दमा असलेल्या मुलाचा निळा पंप कुलपात ठेवणं म्हणजे विहिरीवर पोहरा नेऊन दोर घरी ठेवणं. नव्या शाळेत मी पहिल्याच दिवशी जाऊन वर्गशिक्षिकेच्या हातात पंप दिला, तो कसा मारायचा ते करून दाखवलं आणि त्यांच्याकडून करवून घेतलं. मी स्वतः शिक्षिका आहे, तरी हे मागताना जीभ अडखळली होती. ज्या आईबापांना शाळेच्या पायरीवर चढायचंच दडपण येतं, त्यांचं काय होत असेल?

कबड्डी बंद करायची नाही. खेळल्यानं दमा वाढत नाही. खेळताना खोकला येतो, याचा अर्थ सूज अजून पुरती उतरलेली नाही. आज वहीत नोंद: कबड्डी, एकदा, दोन फवारे. आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा निळा पंप लागला तर डॉक्टरांना कळवायचं, असं ठरलेलं आहे.

५.४०

धारूरच्या औषध दुकानात मी पुढच्या महिन्याची डबी सांगून ठेवते. शेजारी एक बाई कडेवर दीड वर्षाचं लेकरू घेऊन उभी: "खोकल्याची बाटली द्या, गोड असलेली." मला राहवलं नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडं, खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या विषानं वीसहून जास्त लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची, सर्दीची औषधं देऊ नका आणि पाच वर्षांखाली सहसा टाळा, असं सांगितलं. एरवीही त्या बाटल्या दम्याच्या खोकल्याला काही करत नाहीत, फक्त एक-दोन आठवडे आणि पैसे खातात. दुकानदार भला माणूस आहे, त्यानं तिला बाटली दिली नाही, दवाखान्याचा रस्ता सांगितला. ती माझ्याकडं रागानं बघत गेली. मीसुद्धा पूर्वी कोणी असं मध्ये बोललं असतं तर असंच बघितलं असतं.

७.३०

हे जिनिंगवरून आले. हंगाम सुरू झाला की त्यांच्या डोक्यावर, भुवयांवर, कानांत कापसाचा बुरा असतो. दारातून आत न येता ते थेट परसात जातात, कपडे बादलीत, अंगावर पाणी, मगच पोरगं त्यांच्या अंगावर उडी मारतं. तोवर ते दोघं खिडकीच्या गजांतून बोलतात. रोज संध्याकाळी पाच मिनिटांची ही गजाआडची भेट मला बघवत नाही, आणि ती आम्ही चुकवतही नाही.

फोडणीला मिरची घालायची तर आधी पोराला ओट्यावर पाठवायचं. आज वरण-भात आणि मेथी, मिरची नाहीच.

जेवताना यांनी दाराच्या चौकटीकडं पाहिलं. तिथं पेन्सिलीच्या रेघा आहेत, दर तीन महिन्यांनी एक. रोजच्या पंपात स्टिरॉइड आहे हे कळल्यापासून बापाच्या मनात एकच भीती: उंची खुंटेल. भीती अगदी पोकळ नाही. अमेरिकेत अशा मुलांना मोठं होईपर्यंत तपासलं, २०१२ साली निष्कर्ष आला: ब्युडेसोनाइड घेतलेली मुलं मोठेपणी सरासरी १.२ सेंटिमीटरनं बुटकी भरली, आणि तो फरक पहिल्या दोनेक वर्षांतच पडला, पुढं वाढत गेला नाही. मी हे यांच्यापासून लपवलं नाही. त्यांनी बोटाच्या पेराएवढं अंतर दाखवून विचारलं, "एवढंच?" मग बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "झोपू तर लागलं ना पोरगं."

एकदा आम्ही पंप बंद केला होता. सासऱ्यांची श्रद्धा, मृगाला परळीहून रेल्वेनं हैदराबादला गेलो, जिवंत माशाच्या तोंडात पिवळं औषध घालून तो मासा गिळायचा, त्या रांगेत रात्रभर उभं राहिलो. मराठवाड्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या तिथं जात आली आहेत, निजामाच्या काळापासून हैदराबाद आम्हाला परकं नाही. त्या औषधात काय असतं ते गुपित आहे. सासरे लेकराच्या मायेनं आले होते, रांगेत त्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं. चूक आमची. औषध घेतलं म्हणून रोजचा पंप थांबवला, दोन महिने खोकलाही आला नाही, आणि श्रावणात एका रात्री ओठ निळे पडलेलं पोर घेऊन आम्ही अंबाजोगाईच्या रस्त्यावर होतो. सासऱ्यांनी त्यानंतर पंपाचं नाव काढलं नाही. पण रात्री साडेआठ वाजले की ते मधल्या खोलीतून हाक मारतात, "झालं का रे?"

८.३०

"झालं का रे?"

"करतोय, आबा."

दोन फवारे. ८०. चूळ. दिवसभरात एक ठसका, कबड्डीचा. एवढ्या चांगल्या दिवशी हे औषध हातात घ्यायला मन रेटावं लागतं, हे मी कबूल करते. खोकला असला की हात आपोआप जातो.

९.३०

वाकळ दुपारी आत्याबाईंनी उन्हात टाकली होती, तिला ऊन लागल्याचा वास आहे. उशीची खोळ दर आठवड्याला कढत पाण्यात. अंथरुणातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांच्या विष्ठेनं नळ्या चिडतात, म्हणून कापसाच्या जाड गादीऐवजी सतरंजी आणि वाकळ. मच्छरदाणी आहे, कॉइल नाही. एक कॉइल जळताना जेवढे बारीक कण सोडते तेवढे ७५ ते १३७ सिगारेटी मिळून सोडतात, असं २००३ मध्ये मोजलं गेलं. ज्या घरात कोणी बिडीसुद्धा ओढत नाही, त्या घरात रात्रभर दारं लावून लेकराच्या उशाशी आपण हे पेटवत होतो.

तो सीताफळाच्या बिया किती होत्या ते सांगता सांगता झोपला. एकशे अठरा.

१०.२०

अनोळखी नंबरवरून मिस कॉल. परत लावला. मागं इंजिनाचा घरघराट, वारा, कोणाचं तरी रडणारं तान्हं.

"मॅडम, म्या बोलते. गाडी टपरीवर थांबलीय. हलवून दोन दिले, मधी दम धरून. बाटली चांगली चालली. पन तोंड कशानं धुवू? पानी संपलंय."

"टपरीवर घोटभर पाणी मागा. चूळ भरून थुंकायला लावा. पाणी नाहीच मिळालं तर काहीतरी प्यायला द्या."

"चहा चालंल?"

"चालेल. कोमट करून द्या."

तिकडं तिनं कोणाला तरी अर्धा चहा सांगितला. मग म्हणाली, "रेघ कशानं मारू? पेन्शील ट्रॅक्टरात खाली गेलीय."

मी म्हटलं, चुलीतला कोळसा.

"हां," ती म्हणाली. "त्यो तर कुटं बी घावंल."